निष्ठेची परीक्षा तिकीटवाटपाच्या दिवशी

२०२४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज भरण्याची शेवटची तारीख २९ ऑक्टोबर होती. त्या सुमारास पालघरचे तेव्हाचे आमदार श्रीनिवास वनगा वाहिन्यांच्या कॅमेऱ्यांसमोर ढसाढसा रडले. दोन वर्षांपूर्वी एकनाथ शिंदे यांच्यासोबत शिवसेनेतून बाहेर पडलेल्या चाळीस आमदारांपैकी ते एक. त्यांचे तिकीट कापून शिंदेंच्या शिवसेनेने ते राजेंद्र गावितांना दिले होते. उद्धव ठाकरे देवमाणूस होते, त्यांना सोडून चूक झाली, अशा आशयाचे वनगा बोलले आणि घरातून निघून गेले. दिवसभराहून अधिक काळ त्यांचा कुणाशी संपर्क नव्हता. घरचे हवालदिल झाले, पोलीस शोधात लागले आणि मग ते परतले.

आमच्या वसई-विरारमध्ये तेव्हा या घटनेवर लोक दोन तऱ्हेने बोलत. एकांचे म्हणणे, ज्याने पक्ष सोडला त्याला पक्षाने सोडले, त्यात रडायचे काय. दुसऱ्यांचे म्हणणे, राजकारणात निष्ठेला किंमत नाही, हे पुन्हा एकदा दिसले. मला दोन्ही निष्कर्ष घाईचे वाटतात. वनगा घराण्याची आणि पालघरच्या या जागेची गोष्ट सलग वाचली, तर व्यक्तिगत महत्त्वाकांक्षा आणि पक्षनिष्ठा यांचा सांधा नेमका कुठे निखळतो, ते दिसते.

श्रीनिवास यांचे वडील ॲड. चिंतामण वनगा हे भाजपचे जुने कार्यकर्ते. ठाणे जिल्ह्याच्या आदिवासी पट्ट्यात पक्षाला कुणी विचारत नव्हते, त्या काळापासूनचे. १९९६ मध्ये डहाणूतून ते खासदार झाले, १९९९ मध्ये पुन्हा झाले. २००९ मध्ये नव्या पालघर मतदारसंघात त्यांना बहुजन विकास आघाडीच्या बळीराम जाधवांनी हरवले. त्याच वर्षी ते विक्रमगडमधून आमदार झाले आणि २०१४ मध्ये पुन्हा लोकसभेत गेले. जिंकले-हरले, पण पक्ष एकच. ३० जानेवारी २०१८ ला दिल्लीत त्यांचे निधन झाले.

पोटनिवडणूक लागली. पक्षाने आपल्याला वाऱ्यावर सोडले, अशी तक्रार करत वनगा कुटुंब मे महिन्यात मातोश्रीवर गेले आणि श्रीनिवास शिवसेनेचे उमेदवार झाले. भाजपने काँग्रेसमधून आलेल्या, आघाडी सरकारात मंत्री राहिलेल्या राजेंद्र गावितांना उभे केले. म्हणजे भाजपच्या दिवंगत खासदाराचा मुलगा शिवसेनेकडून आणि काँग्रेसचा माजी मंत्री भाजपकडून. गावित साधारण साडेएकोणतीस हजार मतांनी निवडून आले.

वर्षभराने, २०१९ मध्ये, युतीच्या जागावाटपात पालघर शिवसेनेकडे गेले. जागेबरोबर उमेदवारही गेला. गावितांनी शिवबंधन बांधले आणि ते धनुष्यबाणावर खासदार झाले. श्रीनिवास यांना पालघर विधानसभेची उमेदवारी मिळाली. ती देताना शिवसेनेने आपले विद्यमान आमदार अमित घोडा यांना डावलले होते, हे २०२४ च्या अश्रूंच्या वेळी फारसे कुणाला आठवले नाही. २०२२ मध्ये शिवसेना फुटली, तेव्हा वनगा आणि गावित दोघेही शिंदेंसोबत गेले. २०२४ च्या लोकसभेला जागा परत भाजपकडे आली आणि उमेदवारी डॉ. हेमंत सवरांना मिळाली. हे भाजपचे दिवंगत मंत्री विष्णू सवरा यांचे चिरंजीव. गावित पुन्हा भाजपमध्ये आले. ऑक्टोबरमध्ये ते परत शिवसेनेत गेले, वनगांच्या जागी उभे राहिले आणि आमदार झाले.

साडेसहा वर्षांत चार पक्षप्रवेश. गावितांना नावे ठेवणे सोपे आहे आणि आपल्याकडे ती ठेवलीही गेली. पण नीट पाहा. त्यांतले एकही पाऊल त्यांच्या एकट्याच्या इच्छेने पडणे शक्य नव्हते. दर वेळी पक्षांच्या वरिष्ठांनी त्या जागेवर निवडून येऊ शकेल असा माणूस ठरवला. २०१९ ला आणि २०२४ ला तर पक्षांनीच उमेदवाराची देवाणघेवाण केली. बोईसर, सफाळे, मनोर इथल्या ज्या शिवसैनिकाने २०१८ मध्ये गावितांविरुद्ध घरोघरी पत्रके वाटली, त्यालाच अकरा महिन्यांनी त्यांच्यासाठी मते मागायची होती. त्याला कुणी विचारले होते का? निष्ठेची मागणी त्याच्याकडून होते. निर्णयात त्याचा वाटा शून्य.

इथे कायद्याकडे वळले पाहिजे, कारण ‘पक्षांतरबंदी कायदा असताना हे चालते कसे’ हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो.

१९६७ मध्ये हरियाणाचे आमदार गया लाल यांनी पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलला आणि ‘आयाराम गयाराम’ हा शब्दप्रयोग देशभर रूढ झाला. त्यावर इलाज यायला १९८५ साल उजाडले. बावन्नाव्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेला दहावे परिशिष्ट जोडले गेले. निवडून आलेल्या सदस्याने पक्षाचे सदस्यत्व स्वेच्छेने सोडले किंवा सभागृहात पक्षादेश मोडून मतदान केले, तर त्याचे पद जाते, असा त्याचा गाभा. सुरुवातीला त्यात एक पळवाट होती. एक तृतीयांश सदस्य एकत्र बाहेर पडले, तर ती ‘फूट’ मानली जाई आणि कुणाचेही पद जात नसे. २००३ च्या एक्क्याण्णवाव्या दुरुस्तीने ही मुभा काढून टाकली. आता फक्त विलीनीकरणाची वाट उरली आहे आणि तिला दोन तृतीयांश सदस्य लागतात.

२०२२ मध्ये शिंदे गटाने विलीनीकरण केले नाही. आम्हीच मूळ पक्ष, असा दावा केला. ११ मे २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की प्रतोद नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा आहे, विधिमंडळ पक्षाचा नाही. शिंदे गटाच्या प्रतोदाला अध्यक्षांनी दिलेली मान्यता न्यायालयाने बेकायदा ठरवली. मात्र ठाकरे यांनी बहुमत चाचणीला सामोरे न जाता राजीनामा दिल्यामुळे जुने सरकार परत आणता येत नाही, असेही सांगितले. अपात्रतेचा निर्णय विधानसभा अध्यक्षांकडेच राहिला आणि १० जानेवारी २०२४ ला राहुल नार्वेकर यांनी दोन्ही गटांतल्या एकाही आमदाराला अपात्र ठरवले नाही. ज्या पदावर सत्ताधारी पक्षाचा माणूस बसतो, त्याच पदाकडे हा निवाडा सोपवणे ही या कायद्यातली सर्वांत मोठी कमजोरी आहे, असे माझे ठाम मत आहे.

पण पालघरच्या गोष्टीत हा कायदा जवळजवळ आलाच नाही. कारण तो निवडून आलेल्या सदस्याला मुदत संपेपर्यंत बांधतो. २०१८ मध्ये गावित कुठल्याच सभागृहाचे सदस्य नव्हते. २०१९ आणि २०२४ ला त्यांनी पक्ष बदलला, तेव्हा लोकसभेची मुदत संपत आली होती आणि निवडणूक दारात होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये ते पुन्हा कुठल्याही सभागृहात नव्हते. माणसाच्या महत्त्वाकांक्षेची खरी धग असते ती तिकीटवाटपाच्या आठ-दहा दिवसांत आणि त्या दिवसांबद्दल कायद्यात अवाक्षर नाही.

त्या दिवसांवर राज्य करतो तो एबी फॉर्म. बातम्यांत हा शब्द रोज येतो, पण तो कागद काय असतो हे कमी जणांना ठाऊक असते. हे प्रत्यक्षात दोन नमुने आहेत. ‘ए’ मध्ये पक्ष निवडणूक अधिकाऱ्याला कळवतो की उमेदवारांची नावे देण्याचा अधिकार आम्ही अमुक पदाधिकाऱ्याला दिला आहे. ‘बी’ मध्ये तो पदाधिकारी उमेदवाराचे नाव लिहितो आणि त्याचा अर्ज बाद झाला तर कोण, ते पर्यायी नावही लिहितो. अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनपर्यंत हे कागद निवडणूक कार्यालयात पोचले पाहिजेत. तोपर्यंत आधीचे नाव रद्द करून दुसरे देता येते. बस. हे नाव कोणत्या बैठकीत ठरले, किती जणांनी मत दिले, इच्छुक किती होते, यातले काही त्या कागदावर लिहावे लागत नाही. तीस वर्षे सतरंज्या उचललेला आणि काल संध्याकाळी गळ्यात उपरणे पडलेला, दोघेही त्या कागदावर सारखेच. एका सहीवर हे ठरते आणि ती सही करणारा मतदारसंघातला असण्याची गरज नसते.

आता वसई-विरारकडे येतो, कारण इथे हा प्रश्न वेगळ्या पद्धतीने सोडवला गेला आणि तो सुटला का, हे पाहण्यासारखे आहे. हितेंद्र ठाकूर १९९० मध्ये काँग्रेसच्या तिकिटावर वसईचे आमदार झाले. काँग्रेसमध्ये राहून मुंबई-दिल्लीच्या मर्जीवर अवलंबून राहण्यापेक्षा त्यांनी स्वतःची संघटना उभी केली. आधी वसई विकास मंडळ, पुढे बहुजन विकास आघाडी. आपली महत्त्वाकांक्षा पक्षात मावत नसेल तर दुसऱ्या पक्षात जायचे, ही नेहमीची वाट. त्यांनी पक्षच काढला. अर्नाळ्यापासून नायगावपर्यंतच्या माणसाला तिकिटासाठी मुंबई गाठावी लागत नव्हती, विरारला गेले की काम होत होते. पाण्याचा टँकर, रुग्णालयातली खाट, शाळेतला प्रवेश, रस्त्यावरचा खड्डा, सगळ्याला एक पत्ता होता. मोठ्या पक्षांच्या स्थानिक शाखांना हे कधी जमले नाही. म्हणून शिट्टी, म्हणजे आघाडीचे निवडणूक चिन्ह, वाजत राहिली.

३ जुलै २००९ ला चार नगरपरिषदा आणि ५३ गावे मिळून वसई-विरार शहर महानगरपालिका झाली. २०१५ च्या निवडणुकीत ११५ पैकी शंभराहून अधिक जागा आघाडीने जिंकल्या. राज्यात सत्ता कुणाचीही असो, आघाडीने तिच्याशी जुळवून घेतले. नोव्हेंबर २०१९ मध्ये तिचे तीन आमदार महाविकास आघाडीच्या बाजूने होते आणि ४ जुलै २०२२ च्या विश्वासदर्शक ठरावावर त्यांनी शिंदे सरकारला मत दिले. याला कुणी पक्षांतर म्हणत नाही, कारण पक्ष तोच राहिला. कार्यकर्त्याच्या दृष्टीने निष्ठा अढळ होती. ती विरारवर होती, मंत्रालयात कोण बसते याच्याशी तिला देणेघेणे नव्हते.

मात्र अशा संघटनेत वर चढण्याच्या पायऱ्या किती असतात? ठाकूर स्वतः आमदार, चिरंजीव क्षितिज नालासोपाऱ्याचे आमदार, पत्नी प्रवीणा ठाकूर महापौर. कर्तबगार कार्यकर्त्याला नगरसेवकपद, एखादे सभापतिपद मिळू शकत होते, राजीव पाटील यांच्यासारख्याला पहिले महापौरपदही मिळाले. त्यापुढे जायचे असेल तर? बोईसरच्या विलास तरे यांनी उत्तर दिले. २००९ आणि २०१४ मध्ये ते आघाडीचे आमदार होते. २०१९ मध्ये शिवसेनेत गेले आणि आघाडीच्याच राजेश पाटील यांच्याकडून थोडक्यात हरले. २०२४ मध्ये शिंदेंच्या शिवसेनेकडून निवडून आले. उलट बाजूलाही तेच. विजय पाटील २०१९ ला वसईत शिवसेनेचे उमेदवार होते आणि २०२४ ला काँग्रेसचे. २०२४ च्या मतदानाच्या आदल्या दिवशी तर डहाणूतले आघाडीचे उमेदवार सुरेश पाडवी भाजपमध्ये गेले. मतदानयंत्रावर त्यांचे नाव तसेच होते, चिन्ह तसेच होते, माणूस मात्र दुसऱ्या पक्षात गेला होता. ज्यांनी ते बटण दाबले, त्यांच्या मताचे काय झाले, याचे उत्तर कुठल्या कायद्यात शोधायचे?

त्या निवडणुकीत आघाडीच्या तिन्ही जागा गेल्या. वसईत स्नेहा दुबे-पंडित यांनी हितेंद्र ठाकूर यांना जेमतेम तीन हजारांच्या फरकाने हरवले, नालासोपाऱ्यात राजन नाईक जिंकले, दोघेही भाजपचे. स्नेहा या विवेक पंडितांच्या कन्या. पंडितांनी २००९ मध्ये, गावे महापालिकेतून वगळावीत या आंदोलनाच्या लाटेवर, शिवसेनेच्या पाठिंब्याने पण अपक्ष म्हणून वसई जिंकली होती. तो विजय कुठल्या पक्षाचा नव्हता, एका प्रश्नाचा होता. आमच्या वसईने निष्ठेचे हे तिसरे रूपही पाहिले आहे आणि त्याची मर्यादाही पाहिली आहे. २०१४ मध्ये मतदारांनी ठाकूरांनाच परत निवडले आणि गावांचा तो प्रश्न पुढे वर्षानुवर्षे मंत्रालय आणि उच्च न्यायालय यांच्यात फिरत राहिला.

आणखी एक गोष्ट मला इथे महत्त्वाची वाटते, कारण तिच्याकडे लक्ष जात नाही. महापालिकेची मुदत जून २०२० मध्ये संपली आणि पाच वर्षांहून अधिक काळ इथे प्रशासक होता. नगरसेवकांना पक्षाशी बांधणारा राज्याचा वेगळा कायदा आहे, १९८६ चा स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता अधिनियम. पण नगरसेवकच नसतील तर तो कायदा कुणाला बांधणार? पद नाही, त्यामुळे पद जाण्याची भीती नाही. २०२४ च्या निकालानंतर इथे पक्षप्रवेशांचे कार्यक्रम सुरू झाले, त्यामागे आमिषे असतील, दबाव असेल, पण हेही कारण होते. तरुण कार्यकर्त्याने आपले काम दाखवायचे आणि त्या कामावर पुढची पायरी मागायची, ती जागा महापालिका असते. ती इतकी वर्षे बंद ठेवली, तर महत्त्वाकांक्षेला दिसते ते फक्त नेत्याचे दार.

जगात हा पेच आपल्यापुरता नाही. नायजेरियात तो आपल्याहून टोकाला गेला आहे. तिथल्या १९९९ च्या राज्यघटनेनुसार मुदत संपण्यापूर्वी पक्ष बदलणाऱ्या संसद सदस्याचे पद जाते, मात्र पक्षात दुफळी झाली असेल किंवा विलीनीकरण झाले असेल तर जात नाही. आपण २००३ मध्ये काढून टाकलेली पळवाट तिथे अजून शाबूत आहे, म्हणून बाहेर पडणारा प्रत्येक जण पक्षात दुफळी आहे असे सांगतो. राज्यपाल आणि राष्ट्राध्यक्ष यांना तर हे कलम लागूच नाही. तिथले राज्यपाल थेट लोकांनी निवडलेले, आपल्या मुख्यमंत्र्यांसारखे अधिकार असलेले. शिवाय अपक्ष उभे राहण्याची मुभा नाही, म्हणून ज्याला निवडणूक लढवायची त्याला कुठला ना कुठला पक्ष धरावाच लागतो. अतिकू अबुबकर उपाध्यक्ष असतानाच पक्षाबाहेर पडले आणि पक्ष सोडला म्हणून पद जात नाही असा निर्णय २००७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने दिला. त्यानंतर ते जुन्या पक्षात परतले, २०१४ मध्ये नव्या पक्षात गेले, २०१७ मध्ये पुन्हा जुन्यात आले आणि २०२५ मध्ये आणखी एका पक्षाकडे वळले. २०१९ ला त्यांच्यासोबत उपाध्यक्षपदासाठी लढलेले पीटर ओबी २०२२ मध्ये लेबर पार्टीत गेले आणि पुढच्या वर्षी राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत त्या छोट्या पक्षाने लागोस जिंकले. महत्त्वाकांक्षी माणूस पक्ष सोडतो तेव्हा दर वेळी वाईटच घडते असे नाही, हे ओबींच्या उदाहरणावरून मान्य करायला हवे. तिथल्या तरुणांना त्यातून तिसरा पर्याय मिळाला.

लागोसपर्यंत जायचे नसेल तर डहाणू-तलासरीकडे पाहावे, विरारहून लोकलने दीड तासाचा रस्ता. १९४५ च्या वारली उठावात गोदावरी आणि शामराव परुळेकरांनी जी संघटना बांधली, तिच्यातून आलेला मार्क्सवादी पक्ष तिथे अजून जिवंत आहे. २०१९ आणि २०२४, दोन्ही वेळा डहाणूतून विनोद निकोले निवडून आले. पूर्वी वडापावची गाडी चालवणारे हे पूर्णवेळ कार्यकर्ते. जिल्ह्यातल्या इतर काही आमदारांचे पक्ष बदलत होते, तेव्हा त्यांचा बदलला नाही. त्यांचा स्वभाव इतरांहून थोर आहे, असा दावा मी करणार नाही. तिथे उमेदवारीचा प्रश्न जिल्हा आणि राज्य समित्यांत चर्चेला येतो, आमदाराच्या मानधनाचा हिशेब पक्षाकडे असतो आणि उमेदवार आयात होत नाही, हे कार्यकर्त्याला आधीपासून ठाऊक असते. नाव आपले आले नाही तरी ते कुठे आणि का अडले, हे त्याला विचारता येते. या पक्षाच्या विचारांशी माझे अनेक मतभेद आहेत, पण उमेदवार ठरवण्याची ही रीत मला आदराची वाटते.

इतर पक्षांना हे करायला कायद्याने भाग पाडता येईल. पक्षांतर्गत निवडणुका घ्या, असे निवडणूक आयोग पक्षांना सांगतो, त्यांच्या घटनेत ते लिहूनही घेतो. उमेदवार कसा ठरवायचा, याला मात्र काहीच बंधन नाही. ‘बी’ नमुन्यासोबत आणखी एक कागद जोडणे सक्तीचे करावे, ही माझी मागणी आहे. मतदारसंघातल्या पक्ष सदस्यांची बैठक कधी झाली, कोणती नावे पुढे आली, कुणाला किती मते पडली, उमेदवार पक्षात कधीपासून आहे, हे त्यावर असावे आणि तो कागद मतदाराला पाहता यावा. वरिष्ठांना सदस्यांचा कौल डावलायचा असेल तर खुशाल डावलावा, पण कारण लिहून. अपात्रतेचा निवाडा अध्यक्षांकडून काढून स्वतंत्र लवादाकडे द्यावा, ही सूचना तर स्वतः सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्येच संसदेला केलेली आहे. कायदा होईपर्यंत वाट पाहायचीही गरज नाही. प्रचाराला दारात येणाऱ्या उमेदवाराला, तो कुठल्याही पक्षाचा असो, हे आजही विचारता येते: तुमचे नाव कुठल्या बैठकीत ठरले आणि त्या बैठकीला आमच्या प्रभागातले कोण होते?